चांदीच्या नॅनोकणांचे द्रावण पिवळे होण्याऐवजी दुधाळ होते, तेव्हा

चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापात मोजावे लागणारे सूक्ष्म कण, करण्यासाठी पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला, की द्रावण आधी फिकट पिवळे, मग मधासारखे आणि शेवटी तपकिरी व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र दरवर्षी जानेवारीत एम.एस्सी.चे प्रकल्प सुरू झाले, की किमान एक-दोन गटांच्या वाट्याला वेगळाच अनुभव येतो. अर्काचे पहिले थेंब पडताच द्रावण ताकाच्या निवळीसारखे गढूळ होते, खिडकीजवळ ठेवले तर तासाभरात त्यावर जांभळट करडी छटा येते आणि दुसऱ्या दिवशी तळाशी राखाडी साका बसलेला दिसतो. विद्यार्थी बहुतेक वेळा ‘रंगबदल झाला, नॅनोकण तयार झाले’ अशी नोंद वहीत करून पुढे जातात, आणि खरी अडचण दोन महिन्यांनी, पदार्थाची स्फटिकरचना ओळखणाऱ्या एक्स-रे विवर्तन चाचणीचा आलेख हाती आल्यावर समोर येते. ही समस्या आमच्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या वाटांनी आली आहे, की तिचा माग कसा काढावा हे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

गढूळपणा दिसला की विद्यार्थ्यांचा पहिला संशय पानावर जातो. तुळशीने काम केले नाही म्हणून पेरूची पाने आणली जातात, पेरूने केले नाही म्हणून जांभळाची. आमच्याकडे सलग तीन वर्षे तीन निरनिराळ्या वनस्पती वापरल्या गेल्या आणि तिन्ही वेळा दुधाळपणा तोच होता. वनस्पती बदलूनही दोष बदलत नसेल, तर जे बदललेले नाही त्याकडे पाहायला हवे, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला आम्हालाही वेळ लागला. ती लक्षात आणून दिली हुपरीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने. चांदीच्या दागिन्यांच्या त्या गावात लहानाचा मोठा झालेल्या या मुलाने परीक्षानळी उजेडासमोर धरली आणि तो म्हणाला, “सर, चांदी शुद्ध करताना नायट्रिक आम्लात विरघळवून वर मीठ टाकतात, तेव्हा असाच दह्यासारखा साका पडतो.” त्याचे निदान अचूक होते. आमच्या नळीत चांदीचे नॅनोकण होण्याआधीच सिल्व्हर क्लोराइड तयार झालेले होते.

सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचा विद्राव्यता गुणाकार (संतृप्त द्रावणातील दोन्ही आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार) २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ × १०⁻¹⁰ आहे. आपण साधारणपणे १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट वापरतो, म्हणजे लिटरमागे १७० मिलिग्रॅम. एवढी चांदी द्रावणात असताना क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे साडेसहा मायक्रोग्रॅमच्या आसपास पोहोचले, तरी साका पडण्याची मर्यादा गाठली जाते. डोळ्यांना गढूळपणा दिसण्यासाठी याहून कितीतरी जास्त क्लोराइड लागते हे खरे, पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नळाच्या पाण्याचा एखादा थेंबही येथे किती महाग पडू शकतो ते कळते. पिण्यासाठी उत्तम असलेले पाणी या प्रयोगासाठी अतिशय वाईट असू शकते.

प्रथम साका कशाचा आहे ते ठरवा

गढूळ द्रावणाचे दोन छोटे भाग वेगळ्या परीक्षानळ्यांत घ्यावेत. एका नळीत विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालावेत. अर्कातील ऑक्झलेट किंवा कार्बोनेटमुळे गढूळपणा आला असेल, तर तो निवळतो. सिल्व्हर क्लोराइड मात्र जसेच्या तसे राहते. दुसऱ्या नळीत विरल अमोनिया घालावा. सिल्व्हर क्लोराइड असेल, तर ते अमोनियाशी संयुग करून विरघळते आणि पांढरा गढूळपणा नाहीसा होतो. तो जाऊन खाली स्वच्छ पिवळा रंग उरला, तर क्लोराइडबरोबर थोडे नॅनोकणही तयार झाले होते, असे समजावे. ही चाचणी अगदी थोड्या द्रावणावर करावी आणि अमोनियाची नळी त्याच बैठकीत विरल आम्ल घालून निकामी करावी, कारण अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठवून ठेवले तर त्यात कालांतराने स्फोटक संयुग तयार होऊ शकते. ती नळी स्टँडमध्ये ठेवून कोणीही घरी जाऊ नये, हा आमच्याकडचा न मोडण्याचा नियम आहे.

करड्या-जांभळ्या रंगाने फसवणूक होते, तिचेही कारण येथेच आहे. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडते, कारण प्रकाशामुळे त्यातील थोड्या चांदीचे धातूत रूपांतर होते. गच्चीवरच्या कडक उन्हात फ्लास्क ठेवून ‘सूर्यप्रकाशात दहा मिनिटांत संश्लेषण झाले’ असे लिहिणाऱ्या गटाने प्रत्यक्षात अनेकदा हेच पाहिलेले असते. खऱ्या चांदीच्या कणांचा पिवळा रंग वेगळ्या कारणाने येतो. कणाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र आंदोलित होतात, आणि दहा-वीस नॅनोमीटरच्या गोल कणांच्या बाबतीत हे शोषण ४०० नॅनोमीटरच्या आसपास टोक गाठते. कण मोठे झाले किंवा एकमेकांना चिकटले, की टोक लांब तरंगलांबीकडे सरकते आणि पसरट होते. क्लोराइडचा गढूळपणा असेल, तर प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आलेखाची संपूर्ण पायारेषाच वर उचललेली आणि लहान तरंगलांबीकडे चढत गेलेली दिसते, कारण तेथे शोषणाबरोबर प्रकाशाचे विकिरणही मोजले जात असते. एक खबरदारी आवश्यक आहे : पानांचा अर्क स्वतःही ४०० नॅनोमीटरखाली भरपूर प्रकाश शोषतो, म्हणून तुलनेसाठी नुसते पाणी न घेता तितकाच पातळ केलेला अर्क घ्यावा.

एक्स-रे विवर्तनाचा आलेख जवळ असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. तांब्यापासून मिळणारे एक्स-किरण वापरले असता धातुरूप चांदीची शिखरे विवर्तनाच्या कोनाच्या मापात ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांजवळ येतात. सिल्व्हर क्लोराइडची शिखरे २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांजवळ असतात. वनस्पती अर्काच्या कामांतील आलेखांत ३२ आणि ४६ अंशांवरची शिखरे पुष्कळदा दिसतात आणि ‘वनस्पतीतील सेंद्रिय पदार्थांचे स्फटिक’ असे म्हणून ती बाजूला टाकली जातात. मला हे पटत नाही. त्या दोन शिखरांच्या जोडीला २७.८ वरचे तिसरे शिखर असेल, तर ते क्लोराइडच आहे असे मानून पुढे जावे. चांदी आणि क्लोराइड यांचे मिश्रणही जिवाणूंवर परिणाम करते, त्यामुळे असे काम वाया गेले असे नाही, पण त्याला शुद्ध चांदीचे नॅनोकण म्हणता येणार नाही.

क्लोराइड कोठून येते

आमच्याकडे पहिल्या वर्षी ते पाण्यातून आले. ऊर्ध्वपातित पाण्याचे यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे चालू होते आणि ‘डिस्टिल्ड आहे’ एवढ्यावर सर्वांचा विश्वास होता. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्यावर ते ठीक चालत असे. हिवाळा संपता संपता टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाऊ लागले, उकळणीच्या भांड्यात क्षारांचा थर चढला, पाणी फेसाळून उसळू लागले, आणि वाफेबरोबर खारट पाण्याचे सूक्ष्म थेंब थंड नळीत जाऊ लागले. दरवर्षी नेमक्या प्रकल्पांच्याच काळात दोष का डोके वर काढतो, याचे उत्तर येथे मिळाले. तपासणी अगदी सोपी आहे. स्वच्छ परीक्षानळीत १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब घालावेत, नळी काळ्या कागदासमोर धरावी आणि पाच मिनिटे थांबावे. किंचितही धूसरपणा दिसला, तर ते पाणी वापरू नये. वाहकतामापक असल्यास पाण्याची वाहकता सेंटिमीटरमागे दोन मायक्रोसीमेन्सच्या आत असावी. यंत्राची उकळणी दर महिन्याला विरल सायट्रिक आम्लाने धुवावी आणि सुरुवातीचे थोडे पाणी ओतून द्यावे, एवढ्याने आमचे काम भागले.

दुसऱ्या वर्षी पाणी स्वच्छ होते, तरीही गढूळपणा आला. या वेळी दोष सामू (पीएच) मोजण्याच्या पद्धतीत होता, आणि तो सापडायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. सामूमापकाच्या काचेच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र, सामान्यतः ३ मोलर द्रावण भरलेले असते आणि ते त्याच्या सच्छिद्र जोडातून सतत थोडे थोडे बाहेर झिरपत असते. तेच मोजमापासाठी आवश्यक असते, त्यामुळे त्याला इलेक्ट्रोडचा दोष म्हणता येत नाही. पण तो इलेक्ट्रोड सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ठेवला, तर आपण आपल्याच हाताने क्लोराइड घालत असतो, शिवाय त्या जोडात सिल्व्हर क्लोराइड अडकून इलेक्ट्रोडही खराब होतो. म्हणून सामू आधी अर्काचाच मोजावा, तोही थोडा अर्क वेगळ्या चंचुपात्रात काढून, आणि मोजलेला भाग परत मुख्य अर्कात ओतू नये. चांदी मिसळल्यानंतर पाहायचे असेल, तर सामूपट्टीवर एक थेंब ठेवणे पुरेसे आहे. त्याच गटाने सामू खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लही वापरले होते, हे नंतर कळले. सवयीने हात त्याच बाटलीकडे जातो. येथे आम्ल लागले तर नायट्रिक आणि अल्क लागले तर सोडियम हायड्रॉक्साइड, एवढाच नियम पाळावा. काचेची भांडीही हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा अम्लराजाने (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेली नसावीत. विरल नायट्रिक आम्लाने धुऊन, तपासलेल्या पाण्याने चार-पाच वेळा खळबळून घ्यावीत.

तिसऱ्या वर्षी मात्र क्लोराइड खरोखरच पानातून आले, आणि या वेळी उत्तर मिळवण्यासाठी थोडा हिशेब करावा लागला. क्लोराइड हे वनस्पतींचे नैसर्गिक घटकद्रव्य आहे, आणि पानांच्या कोरड्या वजनात ते ग्रॅममागे काही मिलिग्रॅम असणे सामान्य आहे. समजा, १० ग्रॅम ताजी पाने १०० मिलिलिटर पाण्यात उकळली. त्यांचे कोरडे वजन सुमारे २ ग्रॅम धरले आणि क्लोराइड ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम मानले, तर अर्कात १० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ २.८ मिलिमोलर क्लोराइड उतरले. असा १० मिलिलिटर अर्क १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिलिलिटर द्रावणात घातला, की मिश्रणात ०.९ मिलिमोलर चांदी आणि ०.२८ मिलिमोलर क्लोराइड राहते. याचा अर्थ क्षपणाची, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळून धातू होण्याची, प्रक्रिया सुरू होण्याआधीच जवळजवळ एक-तृतीयांश चांदी साक्यात गेली. तोच अर्क १० ऐवजी २ मिलिलिटर घेतला, तर हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास येते. ‘रंग येत नाही, अर्क वाढवा’ हा सल्ला म्हणूनच पुष्कळदा उलटा ठरतो : अर्क जितका वाढवावा तितके क्लोराइड वाढते. आमच्या अनुभवात अर्क कमी करून त्याचा सामू ८ च्या आसपास नेणे अधिक उपयोगी पडले, कारण पॉलिफेनॉल आणि फ्लेव्होनॉइड यांचे हायड्रॉक्सिल गट अल्कधर्मी माध्यमात प्रोटॉन सोडतात आणि चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन अधिक सहज देतात. पाने शेवटी नळाच्या पाण्याने न धुता तपासलेल्या पाण्यानेच धुवावीत, आणि खाऱ्या जमिनीतली किंवा बोअरच्या पाण्यावर वाढलेली झाडे टाळावीत.

याच ओघात गुळाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण कोल्हापुरात दर दोन-तीन वर्षांनी एखादा उत्साही गट भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या गुळापासून नॅनोकण करण्याचा प्रस्ताव घेऊन येतोच. कल्पना मनापासून चांगली आहे आणि आपल्या मातीतल्या पदार्थाबद्दलचा जिव्हाळा मला आवडतो, परंतु गुळातील मुख्य शर्करा सुक्रोज आहे आणि सुक्रोज क्षपणक नाही. क्षपणाचे काम गुळात थोड्या प्रमाणात असलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. त्याशिवाय उसाच्या रसातून येणाऱ्या खनिजांत पोटॅशियमबरोबर क्लोराइडही असते, त्यामुळे गुळाचे पाणी सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातले की दुधाळपणा जवळपास हमखास येतो. या गटांना मी सुचवतो, की गुळाच्या शेजारीच शुद्ध ग्लुकोज आणि स्टार्चचा एक फ्लास्क चालवावा. चांदीसाठी ग्लुकोज क्षपणक आणि स्टार्च संरक्षक म्हणून वापरण्याची पद्धत रवीन्द्रन, फू आणि वॉलेन यांनी २००३ साली मांडली आणि ती आजही नियंत्रण (तुलनेसाठीचा प्रयोग) म्हणून उत्तम आहे. त्या फ्लास्कमध्ये स्वच्छ पिवळा रंग आला आणि गुळाच्या फ्लास्कमध्ये गढूळपणा, तर पाणी, भांडी आणि सिल्व्हर नायट्रेट निर्दोष आहेत हे एका दिवसात सिद्ध होते. दोन्ही गढूळ झाले, तर गुळाला किंवा पानाला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक अर्काच्या प्रयोगासोबत असा एक फ्लास्क ठेवावा, असा माझा आग्रह आहे. एवढे पहिल्या वर्षी केले असते, तर पुढच्या दोन वर्षांतील कितीतरी आठवडे वाचले असते.

दुधाळपणा नसतानाही काम बिघडू शकते

द्रावणात अल्क घालताच तपकिरी गाळ दिसला, तर तो बहुधा सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. १ मिलिमोलर चांदीच्या बाबतीत सामू साधारण ९.३ च्या वर गेला, की हा गाळ पडू लागतो, आणि त्याचा रंग नॅनोकणांच्या रंगाशी मिळताजुळता असल्याने गल्लत होते. विरल नायट्रिक आम्लाच्या थेंबाने तो चटकन विरघळून द्रावण पाण्यासारखे होते. अल्क नेहमी आधी अर्कात घालावे, चांदीच्या द्रावणात घालू नये, म्हणजे हा प्रश्न सहसा येत नाही. रंगच न येणे हे बहुधा शिळ्या अर्काचे किंवा फार आम्लधर्मी माध्यमाचे लक्षण असते. अर्क चार अंशांवर ठेवूनही काही दिवसांत बुरशी धरतो, आणि पावसाळ्यातील दमट हवेत तर त्याहून लवकर. लहान लहान भाग करून गोठवून ठेवणे चांगले.

पिवळे द्रावण आठवड्याभरात करडे होऊन तळाशी बसणे ही वेगळी तक्रार आहे. कणांवरचे प्रथिनांचे आणि पॉलिफेनॉलचे आवरण धुण्याच्या नादात निघून गेले, की कण एकमेकांना चिकटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये खूप वेळ फिरवलेला, इथेनॉलने वारंवार धुतलेला आणि वर पुरता वाळवलेला साका पुन्हा पाण्यात नीट विखुरत नाही, म्हणून शक्य तोवर कण ओलेच ठेवावेत. आधी कमी वेगाने फिरवून पानांचा चोथा काढून टाकावा आणि मगच वेग वाढवावा. तयार द्रावण गडद रंगाच्या बाटलीत थंड जागी ठेवावे, गोठवू नये. जिवाणूंवरची चाचणी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या पोषक आगरमध्ये लिटरमागे ५ ग्रॅम मीठ असते. तेथे क्लोराइड पुन्हा भेटते, आणि उरलेल्या चांदीच्या आयनांचा व कणांचा परिणाम वेगळा करण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे आणि नुसत्या अर्काचे नियंत्रण सोबत ठेवावेच लागते.

वाया गेलेल्या द्रावणाचे काय करायचे, हा प्रश्न या पद्धतीत टाळता येत नाही. ॲनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्यांतील पहिलेच तत्त्व कचरा निर्माण होऊ न देण्याचे आहे. चांदीचे आयन मासे आणि पाण्यातील सूक्ष्मजीव यांना घातक असतात, त्यामुळे संश्लेषणात पान वापरले आणि उरलेली चांदी मात्र सिंकमध्ये ओतून दिली, तर त्या कामाला पर्यावरणस्नेही म्हणणे मला जमत नाही. आमच्याकडे सिंकशेजारी झाकणाची एक गडद बाटली ठेवलेली आहे. फसलेली द्रावणे, भांडी धुतलेले पहिले पाणी आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमधील नमुने तिच्यात जातात. अमोनिया असलेले काहीही आम्ल घालून निकामी केल्याशिवाय तिच्यात टाकले जात नाही. बाटली भरली, की तिच्यात साध्या मिठाचे पाणी घालून उरलेली सारी चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसवली जाते, वरचे पाणी निथळून घेतले जाते, आणि वर्षाअखेरीस त्या साक्यावर सोडियम हायड्रॉक्साइड व ग्लुकोज घालून, हातमोजे आणि चश्मा वापरून, ते मिश्रण हलक्या आचेवर गरम केले जाते. पांढरा साका आधी तपकिरी-काळा होतो आणि मग करड्या भुकटीच्या रूपात चांदी तळाशी उतरते. ती धुऊन, वाळवून आणि वजन करून नोंदवहीत लिहिली जाते.